दहा मिनिटांचं अंतर

टाचेची आठवण माणसाला कधी येते? दुखायला लागली की. एरवी ती बिचारी सगळ्या अंगाचा भार घेऊन खाली राबते आणि वर बसलेलं डोकं तिला विचारतही नाही. टाइमकीपरांचं तसंच झालं. त्यांचंच कशाला, त्यांच्या दोन शहाण्या पोरांचंही तेच झालं.

बसडेपोत कोणती गाडी किती वाजता सोडायची हे ठरवण्याचं काम त्यांनी छत्तीस वर्षं केलं. निवृत्त होऊन अकरा वर्षं उलटली तरी आजूबाजूचे त्यांना टाइमकीपरच म्हणत. एका रस्त्यावर एकामागून एक दोन गाड्या सोडायच्या तर मधे दहा मिनिटं हवीतच, हा त्यांचा धर्म. नऊ नाही, अकरा नाही. डेपो सुटला, पण दहा मिनिटं काही सुटली नाहीत. ती त्यांनी घरी आणली आणि आपल्या दोन पोरांवर लावली.

कारण पोरांमधून विस्तव जात नव्हता. धाकटी फिजिओथेरपिस्ट, लोकांचे गुडघे, खांदे, कमरा सरळ करणारी. थोरला फार्मासिस्ट, औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभा राहणारा. चार वर्षांपूर्वी त्यांची आई गेली, त्या दुपारी दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये धाकटी भावाला म्हणाली, तुझ्या औषधांनी मारलं तिला. थोरला म्हणाला, आणि तू शेवटच्या आठवड्यात तिला वॉर्डभर चालवलंस त्याने नाही? दोन्ही वाक्यं खोटी होती. आईला तिच्या आजाराने नेलं, ना औषधाने ना चालण्याने. पण तोंडातून गेलेला शब्द आणि स्टँडवरून सुटलेली गाडी हात केल्याने माघारी येत नाही, असं टाइमकीपर म्हणत. आणि दोघंही एकाच आईची, सुंभ जळाला तरी पीळ जायचा नाही अशी.

तेव्हापासून वेळापत्रक ठरलं. सकाळी साडेसात ते साडेआठ धाकटी, संध्याकाळी सहा ते सात थोरला. रविवारी दोघांनाही सकाळचीच सवड, म्हणून धाकटीने दहाला निघायचं आणि थोरल्याने दहा वाजून दहा मिनिटांनी यायचं. चार वर्षांत एकदाही टक्कर झाली नाही. बाबांना त्याचा अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर त्या दोघांनाही ते बरंच पडत होतं. सकाळी थोरल्याचं नाव घ्यायचं नाही, संध्याकाळी धाकटीचं. घरात दोन कप वेगळे, दोन खुर्च्या वेगळ्या. ती आल्यावर त्याने आणलेली फळं फडताळात जात आणि तो आल्यावर तिने आणलेलं वर्तमानपत्र गादीखाली.

हे सगळं चालायचं ते एका गोष्टीच्या जोरावर. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, चोपन्न पायऱ्या. बाबा स्वतःच्या पायांनी चढत-उतरत होते तोवर ते स्वतःच्या घरी राहू शकत होते. ज्या दिवशी जिना बंद, त्या दिवशी कुणातरी एकाच्या घरी जावं लागणार, आणि एकाच्या घरी गेले की दुसरा त्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही. म्हणजे दोन्ही पोरं हवीत तर जिना हवा. एवढं साधं गणित होतं. ते धाकटीलाही ठाऊक होतं आणि थोरल्यालाही.

एका सकाळी धाकटी वर येत होती आणि बाबा दुधाची पिशवी घेऊन तिच्या पुढे चढत होते. चढत होते म्हणजे काय, कठडा धरून, आडवे होऊन, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. मागे चाहूल लागल्याबरोबर ताठ झाले आणि उरलेल्या सहा पायऱ्या शिपायासारखे चढले. वर पोचल्यावर कपाळावर घाम होता.

तिने विचारलं कधीपासून. ते म्हणाले काय कधीपासून. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. शेवटी तिने त्यांना खाटेवर पालथं निजवलं, पावलं काठाबाहेर लोंबती ठेवली आणि पायमोजे काढले. उजव्या टाचेच्या वर चार बोटांवर जाड शीर असते, पोटरीला टाचेशी बांधणारी दोरीच ती. तिथे गाठ आल्यासारखी फुगली होती. दोन बोटांच्या चिमटीत धरली तर बाबांनी उशी चावली. पाऊल वरखाली केलं तर फुगवटाही त्याच्याबरोबर सरकला, म्हणजे सूज वरच्या आवरणाला नव्हती, शिरेतच होती. मग तिने पोटरी दाबली. पाऊल खाली झुकलं. तिला हायसं वाटलं. पोटरी दाबल्यावर पाऊल हललं म्हणजे दोरी शाबूत आहे, झिजलीय पण तुटलेली नाही, असं तिने त्यांना समजावलं.

सकाळी उठल्यावर कसं असतं, हे विचारल्यावर बाबा खरं बोलले. पहिली दहा पावलं पाय लाकडाचा असतो, मग सुटतो, संध्याकाळी परत ठणकतो. औषधं कोणती चालू आहेत, तर रक्तदाबाची एक गोळी, तुला माहीत आहे तीच. तिने कागदावर तसं लिहिलं. बाबांनी उलट एकच प्रश्न विचारला.

"चढता येईल ना गं?"

"तीन महिने माझं ऐकलंत तर येईल."

या दुखण्याला पाय धरून बसून राहणं उपयोगाचं नसतं. लोकांना हे पटत नाही, दुखतंय तर विसावा द्या म्हणतात, पण विसाव्याने शीर आणखी कच्ची होते. तिने दाराबाहेरच्या जिन्यावर, वरून दुसऱ्या पायरीला, काठापासून चार बोटांवर खडूने रेघ ओढली. चवड्यांची टोकं त्या रेघेवर, टाचा हवेत, हात कठड्यावर. दोन्ही पायांवर उंच व्हायचं, मग चांगला पाय उचलून घ्यायचा आणि सगळा भार दुखऱ्या पायावर घेत टाच हळूहळू पायरीच्या खाली जाऊ द्यायची. पंधरा वेळा, तीन फेऱ्या, सकाळ-संध्याकाळ. बुटात टाचेखाली नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या जाड लोकरीचा, तुकडा. आणि मुख्य म्हणजे, दुखण्याला दहापैकी चार-पाच गुण द्यावेत इतकं दुखलं तर चालेल, थांबायचं नाही. दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलेलं असेल तर मात्र मला सांगायचं.

शेवटचं वाक्य बाबांनी सोडून दिलं. चालेल, थांबायचं नाही, एवढं त्यांनी पाठ केलं.

सकाळच्या फेऱ्या ती समोर उभी राहून मोजायची. संध्याकाळच्या ते एकटे करत, पावणेसहाला संपवत, म्हणजे सहाच्या पाहुण्याला काही दिसायला नको. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकू राहत, त्यांना मात्र सगळं दिसायचं. टाइमकीपर, या वयात उठाबशा, कुणाची खोड काढलीत, असं त्या खालून विचारत. बाबा म्हणत, गाडी गॅरेजला आहे.

सहाव्या आठवड्यात लाकडी पावलं दहाची तीनवर आली. एकदा तर दूध घेऊन ते न थांबता वर आले आणि दारात उभे राहून, काहीच न झाल्यासारखं, घड्याळ बघत राहिले. धाकटी त्या दिवशी दवाखान्यात दिवसभर गुणगुणत होती. तिचं दुःख बाहेर कुणाला माहीत नव्हतं. गेली चार वर्षं कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला काखेत हात घालून उभं केलं की तिच्या कानात भावाचं ते वाक्य वाजायचं. आईला चालवलंस. आता बाबा चालत होते. तिला वाटलं, बघ म्हणावं. कुणाला म्हणावं ते तिने मनातसुद्धा उच्चारलं नाही.

सातव्या आठवड्यात बाबांना खोकला झाला. छातीतून घरघर येऊ लागली. डॉक्टरला दाखवा, असं तिने दोन दिवस सांगितलं. बाबा म्हणाले, जाईल आपोआप. आणि खरंच, तिसऱ्या दिवशी घरघर उतरली, चौथ्या दिवशी आवाज मोकळा झाला. तिला बरं वाटलं. इतक्या पटकन कसा गेला, हा प्रश्न मनात आला होता, पण तिने त्याला बसायला खुर्ची दिली नाही.

गुरुवारी चहाचा चोथा टाकायला तिने कचऱ्याचा डबा उघडला. चोथ्याखाली चंदेरी काहीतरी चमकलं. गोळ्यांची पट्टी होती. टोक तेवढं वर होतं, तीन-चार घरं फुटलेली, नाव खालच्या बाजूला. खाली वाकून, बोटाने उलटी करून वाचायची, एवढंच करायचं होतं.

आता हे सांगताना राग येतो. वीस वर्षांचा अनुभव असलेली बाई, रोज दहा रुग्णांना दहा वेळा विचारते की औषध कुठलं घेता, पाकीट दाखवा, तोंडी सांगू नका. आणि स्वतःच्या बापाच्या घरी ती डब्याचं झाकण हातात धरून उभी राहिली. पट्टी कुणी आणली हे विचारायची गरजच नव्हती. ती उचलली असती तर सकाळच्या घरात थोरल्याचं नाव आलं असतं. बाबा म्हणाले असते, त्याने दिलेल्या गोळ्यांनी खोकला गेला बघ. तेवढं ऐकायची तिची तयारी नव्हती. आणि बाबांची सांगायची नव्हती, कारण औषधांनी मारलं हे वाक्य त्या कॉरिडॉरमध्ये त्यांनीही ऐकलं होतं.

तिने पाठमोरीच विचारलं, बाबा, नवीन काही औषध सुरू केलंय का? बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, नाही गं. बाबा खोटं बोलताना घड्याळाकडे बघतात हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तिने डब्याचं झाकण लावलं.

शुक्रवारी त्यांनी सांगितलं की डावी टाचही जळजळतेय. डावी, म्हणजे चांगली. सहा आठवडे जिला काही झालं नव्हतं ती शीर, कारण नसताना, एका दिवसात. इथे थांबायचं असतं. पहिल्या वर्षाला शिकणाऱ्या पोरीलाही हे कळतं. धाकटीलाही कळत होतं, पण ते बोलून दाखवलं असतं तर पुन्हा त्या डब्यापाशीच जावं लागलं असतं. ती म्हणाली की हवा गार झालीय, शिरा आखडतात, चालेल, थांबायचं नाही.

शनिवारी सकाळी, दुसऱ्या फेरीच्या अकराव्या वेळी, उजवी शीर तुटली.

आवाज झाला. जाड कापड हिसका देऊन फाडावं तसा, इतका मोठा की खाली काकूंनी मशीन थांबवलं. बाबांनी गर्रकन मान वळवून मागे पाहिलं. "कोण आहे रे मागे? दगड कुणी मारला?" ते ओरडले. मागे जिना रिकामा होता. चेहऱ्यावर वेदना नव्हती, राग होता, पोराने खोडी काढावी आणि पळून जावं तसा. धाकटीला मात्र त्या प्रश्नानेच कळलं. पुस्तकात हेच लिहिलेलं असतं, रुग्ण मागे वळून बघतो. तिने ते विद्यार्थ्यांना शिकवतानाही सांगितलं होतं, थोडं हसूनच.

तिने घरातली खुर्ची बाहेर आणली, त्यांना तिच्यावर गुडघे टेकवून भिंतीकडे तोंड करून बसवलं. दोन्ही पावलं मागे लोंबत होती. डावी पोटरी दाबली, पाऊल हललं. उजवी दाबली. पाऊल तसंच राहिलं. बोटाखाली जिथे दोरी असायची तिथे खड्डा होता. तिने पुन्हा दाबली. तिसऱ्यांदा दाबली.

"हललं का?" बाबांनी भिंतीला विचारलं.

"नाही."

"मग आता जिना?" असं ते हळूच म्हणाले. खालून काकू धापा टाकत वर आल्या आणि त्यांनी काही न विचारता थोरल्याला फोन लावला.

ॲम्ब्युलन्सच्या दोघांनी त्यांना खुर्चीत बांधून खाली नेलं. बाबा सगळा वेळ पायऱ्या मोजत होते. चोपन्न झाल्यावर त्यांनी एकदा वर मान करून पाहिलं, आपलं घर खालून कसं दिसतं ते नव्याने बघावं तसं.

दवाखान्यात थोरला आधीच पोचला होता. चार वर्षांनी पहिल्यांदा भाऊ-बहीण एका खाटेच्या रुंदीवर उभे राहिले, तो उशाशी, ती पायथ्याशी. तो जाड झाला होता, कानावरचे केस पांढरे झाले होते. तो बाबांसारखा दिसायला लागलाय हे बघून तिला कसंतरीच झालं.

हाडांचे डॉक्टर तरुण होते, पण माणूस नीट. त्यांनीही पोटरी दाबून पाहिली, मग वही उघडून विचारलं की गेल्या महिन्यात कोणती औषधं घेतली. बाबा म्हणाले, रक्तदाबाची एक. आणि समोरच्या घड्याळाकडे बघत राहिले. मग थोरल्याने दोन नावं सांगितली, एक अँटिबायोटिक आणि एक सूज उतरवणारी स्टेरॉईडची गोळी. छाती भरली होती म्हणून मीच दिली, आज सहावा दिवस. तो हे डॉक्टरांना सांगत होता, पण डोळे खाटेच्या लोखंडी दांड्यावर होते.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी सांगितलं ते सरळ होतं. या जातीचं अँटिबायोटिक काही माणसांच्या शिरा कच्च्या करतं. साठीपुढे धोका जास्त, सोबत स्टेरॉईड असेल तर आणखी जास्त, आणि शीर आधीच आजारी असेल तर विचारूच नका. पायाचं ज्याला माहीत आहे तो ही गोळी देणार नाही, आणि गोळीचं ज्याला माहीत आहे तो हा व्यायाम करवून घेणार नाही. मग त्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"तुम्ही दोघं एकाच घरातले ना?"

धाकटी वाट बघत होती, की आता तो म्हणेल, चालवलंस ना परत. तोही वाट बघत असणार. या वेळी दोन्ही वाक्यं खरी होती. तिला वाटलं, तो बोलला असता तर बरं झालं असतं. शेवटी बाबाच बोलले.

"गाड्या दोन्ही वेळेवर होत्या, डॉक्टर. वेळापत्रक माझं होतं."

छाती कमजोर म्हणून ऑपरेशन टाळलं. पाऊल खाली वाकवून, तुटलेली टोकं जवळ येतील अशा बेताने, गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं. मग टाचेखाली पाचरी घातलेला मोठा बूट आला, आणि दर पंधरवड्याला एक पाचर काढत गेले. शीर जुळली, पण ताणून सैल झालेल्या लेंग्याच्या नाडीसारखी, लांब. पाचव्या महिन्यात बाबा काठी घेऊन सपाट जमिनीवर चालू लागले. धाकटीने त्यांना टेबल धरून उजव्या पायावर उभं केलं आणि टाच उचलायला सांगितली. बाबांच्या मानेच्या शिरा फुगल्या, ओठ पांढरे पडले. टाच नखभरही उचलली गेली नाही. जिना त्या दिवशी संपला.

मग जे व्हायचं ते झालं. थोरल्याने काकूंकरवी निरोप धाडला, बाबा माझ्याकडे येतील. धाकटीने काकूंकरवीच उलट निरोप धाडला, बाबा माझ्याकडे येतील. काकू म्हणाल्या, मी शिवण शिवते, टपालखातं चालवत नाही. बाबांनी दोन दिवस विचार केला आणि सांगितलं की कुणाकडेच नाही. एकाकडे गेलो तर दुसऱ्याची फेरी रद्द होते, आणि रद्द झालेली फेरी पुन्हा सुरू होत नाही, हे त्यांनी छत्तीस वर्षं पाहिलं होतं. शहराच्या टोकाला एक वृद्धाश्रम होता, तळमजल्यावरचा. तिथे त्यांनी स्वतःच फोन करून खिडकीजवळची खाट मागून घेतली. धाकटीला त्यांचा राग आला, मग स्वतःचा आला, मग रडूही आलं, पण बाबांचं ठरलं होतं.

आश्रमाचं वेळापत्रक बाबांनी केलेलं नव्हतं. भेटायला रविवारी चार ते पाच, सगळ्यांना एकच तास. पाचला घंटा.

पहिले काही रविवार भावंडं खाटेच्या दोन बाजूंना बसून बाबांशी बोलली. बाबा, त्याला सांगा पलीकडची खिडकी लावायला. बाबा, तिला विचारा काठीचं रबर बदललं का. बाबा एकाकडून घेऊन दुसऱ्याकडे देत राहिले, दोन्ही बाजूंना बघून मान अवघडेपर्यंत. मग एका रविवारी, सव्वाचारलाच, ते म्हणाले की मला झोप येतेय. भिंतीकडे तोंड करून त्यांनी डोळे मिटले. ते जागे आहेत हे दोघांनाही कळत होतं. त्यांचा श्वास झोपलेल्या माणसाचा नव्हता.

उजवं पाऊल पांघरुणाबाहेर राहिलं होतं, सैल, खाली मान टाकल्यासारखं. थोरल्याने पुढे वाकून त्यावर पांघरूण ओढलं. त्या पांघरुणाकडे बघत धाकटी बोलली. चार वर्षांत, नव्हे आता जवळजवळ पाच वर्षांत, भावाशी बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य.

"पट्टी मी पाहिली होती. कचऱ्याच्या डब्यात. वाचली नाही, झाकण लावलं."

बाहेर व्हऱ्हांड्यात कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत नेली, तिचं एक चाक कुरकुरत होतं.

"पायरीवरची खडूची रेघ मी रोज ओलांडत होतो," तो म्हणाला. "तुझी आहे हेही कळलं होतं. आपल्या आईलाही तू अशीच रेघ आखून द्यायचीस. गोळ्या देताना बाबांना विचारलं, पाय कसे आहेत. ते घड्याळाकडे बघून उत्तम म्हणाले."

बाबांची पाठ त्यांच्याकडे होती. ती पाठ हलत होती, अगदी बारीक, आणि ते झोपेचं नव्हतं. धाकटीला वाटलं, हात ठेवावा. थोरल्यालाही तसंच वाटलं असावं, कारण दोघांचेही हात एकदमच खाटेच्या कडेवर आले आणि मधे एक वीत अंतर ठेवून तिथेच राहिले.

पाचला घंटा वाजली. धाकटी उठली. दारापर्यंत गेल्यावर तिने पावलं हळू केली. तो मागून येईल असं तिला वाटलं, आणि तो आला असता तर काय बोलायचं हे ती मनात जुळवत होती, की बसस्टॉपपर्यंत तरी बरोबर चल. पण मागे पाऊल वाजलं नाही. ती फाटकातून बाहेर पडली, रस्ता ओलांडून समोरच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली.

थोड्या वेळाने थोरला फाटकापाशी आला आणि आतच थांबला. त्याने तिला पाहिलं. मग मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. तिला आधी कळलं नाही, मग कळलं. तो रागावलेला नव्हता. शिकवलेलं करत होता. पुढची गाडी सुटली की दहा मिनिटं.

रस्ता काही मोठा नव्हता. एक हात वर केला असता तरी त्याला दिसला असता. धाकटीनेही घड्याळ पाहिलं. चार मिनिटं झाली होती. पाच झाली. तिने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, मग पुन्हा पहिल्या हातात.

सातव्या मिनिटाला बस आली. ती चढली. बस सुटताना तिने खिडकीतून मागे पाहिलं, तेव्हा अजून तीन मिनिटं बाकी होती, आणि थोरला फाटकातच उभा होता.